कायदे अनेक, पण निवड कुणाच्या हातात?

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



‘कायदा आणि जागतिकीकरण’ या विषयावर बोला असा आयोजकांचा फोन आला, तेव्हा मी आधीच सांगून टाकले की मी वकील नाही आणि आलिमही नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ते म्हणाले, म्हणूनच तुम्ही बोला, वकिलांची भाषा मुलांना कळत नाही. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते एका वाचणाऱ्या, विचारणाऱ्या नागरिकाचे म्हणून ऐका. कुठे पटले नाही तर शेवटी भांडायला वेळ ठेवला आहे.

सुरुवात माझ्या कामापासून करतो, कारण जागतिकीकरणातला कायदा मला पहिल्यांदा तिथेच भेटला. २५ मे २०१८ रोजी युरोपीय संघाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. जीडीपीआर म्हणतात त्याला. आम्ही बसलो होतो पुण्यात. कंपनी भारतीय, पगार रुपयांत, पण वापरकर्त्यांपैकी काही युरोपातले. तो कायदा सांगतो की युरोपातल्या माणसांना सेवा देत असाल तर तुम्ही जगात कुठेही बसा, हा कायदा तुम्हाला लागू. मग आम्ही रात्री जागून बदल केले. वापरकर्त्याने ‘माझी माहिती पुसून टाका’ म्हटले तर ती पुसली गेली पाहिजे, म्हणून एक बटण तयार केले.

आता मुद्दा ऐका. ते बटण युरोपातल्या वापरकर्त्याला दिसायचे, भारतातल्या वापरकर्त्याला दिसायचे नाही. ज्याने ते लिहिले त्या मलाही दिसायचे नाही. भारताने अशा स्वरूपाचा स्वतःचा कायदा २०२३ मध्ये केला. म्हणजे एकाच ॲपमध्ये, एकाच पडद्यावर दोन कायदे चालत होते आणि कुणाला कोणता कायदा मिळणार हे त्याच्या मागे कोण उभे आहे यावर ठरत होते.

त्या दिवसांपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला. आपण नेमके किती कायद्यांखाली जगतो? आणि त्यातला कोणता लागू होणार हे कोण ठरवते?

एकाच माणसावर अनेक कायदे

याला समाजशास्त्रात ‘कायद्याची बहुविधता’ म्हणतात. नाव जड आहे, पण गोष्ट आपल्या घरातली आहे. तुमचा निकाह शरीयतनुसार लागतो. त्याची नोंद महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याने होते. लग्नातल्या देण्याघेण्यावर जमातीचा शब्द चालतो. नवऱ्याने मारहाण केली तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा येतो, आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना सारखा आहे. नवरा कुवेतला असेल तर तिथला नोकरीचा करार आणि तिथली न्यायालये येतात. एकाच जोडप्याभोवती पाच व्यवस्था झाल्या.

युजेन एर्लिक नावाचे एक कायदेपंडित होऊन गेले. ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याच्या पूर्व टोकाला, चेर्नोव्हिट्झ या शहरात शिकवायचे. तिथे ऑस्ट्रियाचा दिवाणी कायदा सर्वांना एकच होता. पण जर्मन, ज्यू, रोमानियन, आर्मेनियन अशी अनेक माणसे शेजारी राहत होती आणि प्रत्येकाचे लग्न, वारसा, शेतीचे व्यवहार वेगळ्याच रीतीने चालत होते. १९१३ मध्ये त्यांनी पुस्तक लिहून सांगितले की ग्रंथातला कायदा एक असतो आणि लोक जगतात तो ‘जिवंत कायदा’ दुसरा असतो. हे वाक्य आज लक्षात ठेवा, कारण पुढे आपल्याला सातबाऱ्यावर यायचे आहे.

‘आपला कायदा’ कुठून आला?

आपण फार सहज म्हणतो, हा आपला कायदा आणि तो बाहेरचा. जरा मागे जाऊन पाहू.

१७७२ मध्ये वॉरेन हेस्टिंग्जने बंगालसाठी न्यायव्यवस्थेची योजना केली. लग्न, वारसा अशा बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा आणि हिंदूंना शास्त्राचा, असे त्यात ठरले. पण इंग्रज न्यायाधीशांना अरबी येत नव्हती. मग बाराव्या शतकातला ‘अल-हिदाया’ हा हनफी ग्रंथ निवडला गेला. त्याचे लेखक मरगीनानी हे आजच्या उझबेकिस्तानातल्या फरगाना खोऱ्यातले. मूळ ग्रंथ अरबीत. त्याचे आधी फारसीत भाषांतर करून घेतले, आणि फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजी केले. ते १७९१ मध्ये लंडनला छापले गेले. पुढची शंभर-दीडशे वर्षे भारतातली न्यायालये अशा भाषांतरांवर विसंबून मुसलमानांच्या घरातले खटले निकाली काढत होती.

म्हणजे मध्य आशियात लिहिलेला ग्रंथ, बंगालमधले फारसी जाणणारे मौलवी, लंडनचा छापखाना आणि न्यायासनावर इंग्रज माणूस. इतक्या हातांतून गेलेल्या गोष्टीला आपण आज ‘आपला मुस्लीम व्यक्तिगत कायदा’ म्हणतो. मी त्याला खोटा म्हणत नाही. त्यात आपल्या श्रद्धेचा मोठा भाग आहे. पण तो आभाळातून जसाच्या तसा आपल्या तहसील कचेरीत उतरलेला नाही, एवढे तरी मान्य करू. जागतिकीकरण त्याला आज शिवते आहे असे नाही. त्याच्या घडणीतच ते आहे.

दोन खटले, दोन मुली

आता मुंबईतले दोन जुने खटले सांगतो. माझ्या मते सगळा विषय या दोनांत आहे.

पहिला १८४७ चा. त्यावेळच्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांच्यापुढे खोजा आणि मेमन समाजातली प्रकरणे आली. मुलींनी वडिलांच्या मालमत्तेत कुराणाने दिलेला हिस्सा मागितला होता. समोरच्या बाजूचे म्हणणे असे की आमच्यात रिवाज वेगळा आहे, मुलींना हिस्सा मिळत नाही. पेरींनी साक्षी घेतल्या आणि रिवाज सिद्ध झाला म्हणून रिवाजाच्या बाजूने निकाल दिला. मुली हरल्या. गंमत पाहा, मुली कुराण दाखवत होत्या आणि समोरची बाजू रिवाज.

दुसरा १८६४ चा, मुंबई उच्च न्यायालयातला. आपल्याला माहीत आहे की कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आणि घाटावरचे बहुतेक हनफी. शाफई मतानुसार मुलीच्या निकाहला वलीची, म्हणजे वडिलांची संमती लागते. हनफी मतानुसार वयात आलेली मुलगी स्वतः निकाह करू शकते. या प्रकरणातली मुलगी शाफई घराण्यातली होती. तिने हनफी मत स्वीकारल्याचे सांगितले आणि वडिलांच्या संमतीशिवाय निकाह केला. न्यायालयाने म्हटले की वयात आलेल्या मुसलमान स्त्रीला सुन्नींच्या चार मजहबांपैकी कोणताही निवडता येतो. निकाह वैध ठरला.

दोन्ही खटल्यांत कायदे एकाहून अधिक होते. पहिल्यात कोणता लागू व्हावा हे रिवाजाच्या साक्षींवर ठरले. दुसऱ्यात ते मुलीने ठरवले. फरक कायद्यांच्या संख्येत नव्हता. निवड कुणाच्या हातात होती, यात होता.

मला आज एवढेच सांगायचे आहे. एकच कायदा हवा की अनेक, या वादात आपली पिढी अडकली आहे. टीव्हीवर संध्याकाळी तेच चालते. पण कायदे एकाहून अधिक आहेत आणि जग जसे जवळ येते तसे ते वाढणार आहेत. खरा प्रश्न असा की त्यातून सोयीचा कायदा निवडायची ताकद फक्त बलवानाला आहे, की घरातल्या सर्वांत कमजोर माणसालाही आहे?

बाहेर पडायची वाट

या प्रश्नाला आपल्याच लोकांनी एकदा फार चांगले उत्तर दिले होते. इथे लागू होणाऱ्या हनफी मतानुसार स्त्रीला नको असलेल्या लग्नातून बाहेर पडणे जवळपास अशक्य झाले होते. नवरा परागंदा झाला, पोसत नाही, छळतो, तरी सुटका नाही. तेव्हा पंजाबात काही स्त्रियांनी नाइलाजाने इस्लाम सोडल्याचे जाहीर केले, कारण धर्मत्यागाने निकाह तुटतो असे न्यायालये मानत होती. यावर मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एक पुस्तक लिहिले. हे थानवी परंपरानिष्ठ देवबंदी आलिम होते, सुधारक म्हणून कुणी त्यांचे नाव घेणार नाही. पण त्यांनी मदिनेतल्या मालिकी मुफ्तींशी पत्रव्यवहार केला, त्यांची मते मिळवली आणि सांगितले की अशा अडचणीत मालिकी मतानुसार स्त्रीची सुटका करता येते.

त्यातूनच पुढे काझमी यांचे विधेयक आले आणि १९३९ चा मुस्लीम विवाह विच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षे बेपत्ता, दोन वर्षे पोटगी नाही, क्रूरता अशा कारणांनी स्त्री न्यायालयात जाऊन निकाह मोडू शकते. काही उलेमांचा आग्रह होता की असा निकाल मुसलमान न्यायाधीशानेच द्यावा, ती अट कायद्यात राहिली नाही आणि त्यावर नाराजीही झाली. पण कायदा झाला आणि आजही चालतो. मदिनेतले मुफ्ती, उत्तर प्रदेशातले मौलाना आणि दिल्लीतले विधिमंडळ यांनी मिळून एका अडकलेल्या स्त्रीला दार उघडून दिले. बहुविधता अशीही वापरता येते.

सीमेपलीकडे गेले की

आता घराबाहेर पडू. सावंतवाडीहून बांदा ओलांडले की गोवा. तिथे १९३७ चा शरीयत कायदा लागू नाही. तिथे पोर्तुगालची १८६७ ची दिवाणी संहिता १८७० पासून चालत आली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६२ च्या कायद्याने ही संहिता तशीच ठेवली. खुद्द पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली, पण गोव्यात जुनीच राहिली. वारशाचा भाग आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. तिथे मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा समान, आणि आईबापाला आपली निम्मी मालमत्ता मुलांपासून काढून घेता येत नाही. मुसलमानांनाही हेच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मालमत्ता गोव्याबाहेर, समजा मुंबईत असली, तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने ठरेल.

म्हणजे सावंतवाडीतल्या आणि म्हापशातल्या दोन सख्ख्या मावसबहिणींना वडिलांच्या घरातून वेगवेगळा हिस्सा मिळतो. धर्म एक, बोली जवळची, कायदा वेगळा. आणि ज्याला ‘समान’ म्हणतात त्या गोव्यातही हिंदूंसाठी १८८० चे रीतिरिवाजांचे वेगळे कलमबंद नियम होतेच. उत्तराखंडने २०२४ मध्ये समान नागरी कायदा केला, त्यातून अनुसूचित जमाती वगळल्या. पूर्ण एकच एक कायदा कुठेच सापडत नाही. हे कुणाला चिडवायला सांगत नाही. वस्तुस्थिती आहे म्हणून सांगतो.

आणखी लांब जाऊ. रत्नागिरी-रायगडमधून गेलेली कोकणी मुसलमान कुटुंबे केपटाउनमध्ये कित्येक पिढ्या आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या राज्यसत्तेने निकाहला लग्न म्हणून मान्यताच दिली नव्हती. निकाहात अनेकपत्नीत्वाची शक्यता आहे, हे कारण. वरवर पाहता मुसलमानांना त्यांच्या पद्धतीने जगू दिले होते. पण तीस वर्षांच्या संसारानंतर तलाक झाला की देशाच्या घटस्फोटाच्या कायद्याने तिला मिळायला हवे होते ते संरक्षण मिळत नव्हते, कारण त्या कायद्याच्या नजरेत ती बायकोच नव्हती. २८ जून २०२२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवले आणि संसदेला दुरुस्तीसाठी मुदत दिली. २०२४ मध्ये घटस्फोटाचा कायदा दुरुस्त झाला.

इंग्लंडमध्ये हीच गोष्ट दुसऱ्या रूपात आहे. अनेक जोडपी मशिदीत किंवा हॉलमध्ये निकाह करतात आणि सरकारी नोंद राहून जाते. १९९८ मध्ये लंडनमधल्या एका रेस्टॉरंटात झालेल्या अशा निकाहबद्दल २०२० मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की कायद्याने याला रद्द ठरवण्याजोगे लग्नही म्हणता येत नाही, म्हणून त्यातून हक्क निघत नाहीत. संसार झाला, मुले झाली, कागद नाही. तुमच्यापैकी कुणाच्या बहिणीचे स्थळ लंडन-लीसेस्टरकडचे येत असेल, तर हॉल आणि मेन्यू ठरवण्याआधी विचारा की रजिस्ट्रीचे लग्न कधी आहे.

आखातातली गोष्ट आपल्याला जास्त जवळची. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भारताने संयुक्त अरब अमिरातींना परस्पर मान्यतेच्या यादीत घेतले. तेव्हापासून दुबईच्या न्यायालयाचा पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलात आणता येतो. कर्ज बुडवून गावी परत यायचे आणि विसरून जायचे, ते दिवस गेले. बँकेला हा रस्ता सोपा झाला.

पण बायकोचे काय? नवरा परदेशी, ती इथे, तिथल्या न्यायालयाचा तलाकचा कागद कुरिअरने आला. १९९१ मध्ये एका हिंदू जोडप्याच्या खटल्यात, जिथे नवऱ्याने अमेरिकेतल्या मिसुरीमधून घटस्फोट आणला होता, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा कागद आपोआप मान्य होत नाही. ज्या कायद्याखाली लग्न झाले त्यातले कारण असले पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला खऱ्या अर्थाने म्हणणे मांडायची संधी मिळालेली असली पाहिजे. तत्त्व उत्तम आहे. पण त्यासाठी बाईला वकील करावा लागतो, तारखांना जावे लागते. जागतिकीकरणात बँकेच्या पैशाला रस्ता लवकर मिळतो आणि बायकोच्या पोटगीला उशिरा, हे आपण उघडपणे बोलले पाहिजे.

तिच्या हातात निवड

इथल्या न्यायालयांत मात्र अलीकडे एक चांगली दिशा दिसते. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातल्या पूर्ण पीठाने सांगितले की ‘मी तलाक दिला’ एवढे म्हणून भागत नाही. योग्य कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागतो. म्हणजे शायरा बानोच्या २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालाआधी १५ वर्षे हे आपल्या मराठवाड्यातल्या न्यायालयाने म्हटले होते. ते किती जमातींत वाचून दाखवले गेले?

पोटगीचेही तसेच. शाहबानोचा १९८५ चा निकाल, नंतर १९८६ चा कायदा, हा इतिहास तुम्हाला पाठ आहे. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या १९८६ च्या कायद्याचा अर्थ असा लावला की नवऱ्याने इद्दतच्या काळातच तिच्या पुढच्या आयुष्याचीही रास्त तरतूद करायची आहे. आणि १० जुलै २०२४ रोजी सांगितले की जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चा मार्गही तिला खुला आहे. एक मार्ग, दुसरा किंवा दोन्ही, ही निवड तिची. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. त्यात दोन कायदे शिल्लक राहिले, पण किल्ली तिच्या हाती दिली.

निवडीचे आणखी एक उदाहरण. केरळातल्या कासरगोड जिल्ह्यातल्या एका वकिलाने ८ मार्च २०२३ रोजी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न केले, विशेष विवाह कायद्याखाली. त्यांना तीन मुली, मुलगा नाही. शरीयतच्या नियमाने मुलींना मिळून दोन तृतीयांश मिळते आणि उरलेल्यातला भाग वडिलांच्या भावंडांकडे जाऊ शकतो. विशेष विवाह कायद्याने लग्न असेल तर भारतीय वारसा कायदा लागतो आणि सगळे बायको-मुलींकडे राहते. त्यांच्यावर टीका झाली, कौतुकही झाले. तुम्ही असेच करा असे मी म्हणत नाही. पण देशाच्या कायद्यात ही वाट आहे आणि तिची माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

आणि सातबारा

आता शेवटचा आणि सर्वांत अडचणीचा मुद्दा. एर्लिकचा जिवंत कायदा आठवा.

कुराण मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा देते. ही मेहरबानी नाही, ठरवून दिलेला हक्क आहे. १९३७ च्या शरीयत कायद्याचा एक मोठा हेतूच हा होता की १८४७ सारखे मुलींना वगळणारे रिवाज बाजूला पडावेत. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली गेली. खेड्यातल्या देशात खरी मालमत्ता शेतजमीनच, आणि तीच बाहेर ठेवली. मद्रास प्रांताने १९४९ मध्ये दुरुस्ती करून हा अपवाद काढला. केंद्रीय कायद्यात तो राहिला.

आपल्याकडे काय होते ते तुम्ही पाहिले आहे. वडील वारले की तलाठ्याकडे वारस नोंद होते, त्यात बहिणींची नावे लागतात. मग वर्ष-सहा महिन्यांत भाऊ एक कागद घेऊन येतो. हक्कसोडपत्र. ‘आपा, इथे सही कर, तुला आम्ही कधी कमी केलेय का?’ आपा सही करते, कारण माहेर तुटायला नको. ईदला साडी येते, मुलांच्या लग्नात मामा उभा राहतो आणि जमीन भावाच्या नावावर होते. शेजारच्या पाटलांच्या घरीही हेच चालते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, तरी रजिस्ट्री ऑफिसात हक्कसोडपत्रे होतातच.

या एका बाबतीत शरीयत बहिणीच्या बाजूने आहे, संविधान तिच्या बाजूने आहे, हिंदूंचा सुधारलेला कायदाही त्यांच्या लेकींच्या बाजूने आहे. आणि तरी हरते बहीणच, कारण रिवाज भावाच्या बाजूने आहे. शरीयत बचावच्या मोर्चात घोषणा देणारा माणूस घरी जाऊन बहिणीकडून हक्कसोडपत्र घेत असेल, तर त्याने नेमकी कोणती शरीयत वाचवली? आणि समान नागरी कायद्याच्या बाजूने तावातावाने बोलणाऱ्या माणसाच्या घरी बहिणीला हिस्सा मिळाला का, हेही विचारा. हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे.

आपण काय करू शकतो?

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक सवय असते. दोन सिस्टीम वेगळ्या असल्या म्हणून बिघाड होत नाही. बिघाड होतो तो दोन्हींच्या जोडावर, जिथे एकीला वाटते दुसरी बघेल आणि दुसरीला वाटते पहिली बघेल. आपल्या लेकीबाळी नेमक्या त्या जोडावर उभ्या आहेत. तिथे आपल्या हाताने करण्यासारखी कामे आहेत.

पहिले काम निकाहनाम्याचे. तो छापील फॉर्म नुसता भरू नका, वाचा. मेहरची रक्कम, ती कधी द्यायची, नवरा परदेशी गेला तर बायको कुठे राहणार, खर्च कसा येणार, हे लिहा. तफवीज-ए-तलाक, म्हणजे ठरलेल्या परिस्थितीत स्वतः तलाक घेण्याचा अधिकार बायकोला देणारी अट, फिकहमध्ये मान्य आहे आणि भारतीय न्यायालयांनीही ती मान्य केली आहे. ही अट मागणारी मुलगी उद्धट नसते. ती शरीयत वाचलेली असते.

दुसरे काम नोंदणीचे. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्यास सांगितले आणि महाराष्ट्राचा कायदा त्याही आधीचा आहे. नोंदणी केल्याने निकाहाचे स्वरूप बदलत नाही, व्यक्तिगत कायदा सुटत नाही. फक्त पुरावा तयार होतो. व्हिसासाठी तर नवऱ्याला तो कागद लागतोच. तोच कागद उद्या बायकोला पोटगीसाठी लागेल, म्हणून त्याची एक प्रत तिच्याकडे असू द्या.

तिसरे काम हिश्शाचे. इथे बसलेल्या भावांनो, हे तुमचे काम आहे. वारस नोंद झाल्यावर बहिणीपुढे कागद सरकवण्याआधी तिच्या हिश्शाचा हिशेब मांडा. तिला खरोखर सोडायचा असेल तर तिने तो हिशेब पाहून, हिस्सा हातात आल्यावर ठरवावे. आणि ज्या वडिलांना मुलींना बरोबरीने द्यायचे आहे, त्यांना हयातीत हिबा करता येतो, ताबा मात्र प्रत्यक्ष द्यावा लागतो. मृत्युपत्राला एक तृतीयांशची मर्यादा आहे आणि वारसाला द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते, हिब्याला तशी मर्यादा नाही.

चौथे काम माहितीचे. आपल्याकडे वकिली शिकणारी मुले-मुली आहेत, मदरशांत शिकलेले तरुण आहेत, माझ्यासारखे कॉम्प्युटरवाले आहेत. आपण तिघांनी मिळून मराठीत आणि उर्दूत साध्या शब्दांत लिहिले पाहिजे की कोणत्या अडचणीत कोणकोणते दरवाजे आहेत: दारुल कजा कुठे उपयोगी, कौटुंबिक न्यायालय कुठे, विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील कसा मिळतो. आणि हे सांगताना एकच दरवाजा दाखवून बाकीचे लपवायचे नाहीत. बटण मी तयार करून देतो. या वेळी ते सगळ्यांना दिसेल असे करू.

ज्यांना या चौथ्या कामात यायचे आहे त्यांनी चहाच्या वेळी आपले नाव लिहून द्यावे. आता प्रश्न विचारा. आधी मुलींनी.